खुर्ची राखीव, चाव्या खुल्या

शुक्रवारी दुपारी हापिसच्या कँटीनमध्ये नेहमीचं टोळकं जमलं होतं. विषय कुठून निघाला आठवत नाही, पण आमच्या टीममधला लातूरकर एकदम रंगात आला. (लातूरकर रंगात आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्या लातुरात...") तर म्हणाला, "आमच्या लातुरात चाकूरकर झाले, विलासराव झाले. तुमचं उस्मानाबाद मागं राहिलं त्याचं कारण एकच. तीस वर्षं सीट राखीव होती ना बाबा! खमका माणूस उभाच राहू शकत नव्हता."

टेबलावरच्या चौघांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर माझीही मान अर्धी डोलली होती. कारण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. ढोकीत एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, दिवाळीला घरी गेलो की ओट्यावर, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर स्वतः बोललोयसुद्धा. जिल्ह्याला उद्योग का नाही? सीट राखीव होती. रस्ते असे का? सीट राखीव होती. एखादं वाक्य शंभर वेळा ऐकलं की ते तपासायचं असतं हेच आपण विसरतो. हापिसात एखादा बग तीन महिने 'नेटवर्क इश्यू' म्हणून ढकलत राहतो ना, तसंच.

पण या वेळी डोक्यात किडा वळवळला. विकांत मोकळा होता, बाहेर पाऊस होता. १९५२ पासूनचे सगळे निकाल काढले, एक्सेल उघडलं आणि ओळीने मांडत बसलो. त्यातून जे निघालं ते इथे लिहितोय. आधीच सांगतो, मी खुल्या गटातला आहे, कॅपच्या फेऱ्यांमध्ये खुल्या जागेवरच प्रवेश घेतलाय. त्यामुळे 'हा स्वतःचं घोडं दामटतोय' असं म्हणायची सोय नाही.

आता विदा बघू. उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघातून १९५२ साली, म्हणजे हैदराबाद राज्य होतं तेव्हा, राघवेंद्र दिवाण निवडून आले. १९५७ ला व्यंकटराव नळदुर्गकर. मग १९६२, १९६७ आणि १९७१ असे सलग तीन वेळा तुळशीराम पाटील. या पाचही निवडणुका काँग्रेसने जिंकल्या आणि त्या वेळी जागा खुली होती. १९७७ पासून ती अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. १९७७ ला तुकाराम शृंगारे, १९८० ला त्र्यंबक सावंत, १९८४, १९८९ आणि १९९१ ला अरविंद कांबळे. पुन्हा पाचही निवडणुका काँग्रेसच्या.

इथेच जरा थांबा. पाच निवडणुका खुल्या, पाच राखीव, दहाच्या दहा एकाच पक्षाच्या. १९७७ साली जागा राखीव झाली म्हणून आमच्या मतदाराने एक पाऊलही इकडचं तिकडे टाकलं नाही. जे यंत्र पहिल्या पाच वेळा मतं गोळा करत होतं, तेच पुढच्या पाच वेळा करत होतं. बदललं ते फक्त पोस्टरवरचं नाव.

राखीव काळातल्या उरलेल्या चार निवडणुका जास्त मजेशीर आहेत. १९९६ ला शिवसेनेचे शिवाजी कांबळे जिंकले, म्हणजे मतदारसंघाच्या इतिहासातला पहिला बिगरकाँग्रेसी खासदार राखीव जागेने दिला. १९९८ ला अरविंद कांबळे परत आले. १९९९ ला पुन्हा शिवाजी कांबळे. साडेतीन वर्षांत तीनदा खांदेपालट! आणि २००४ ला शिवसेनेच्या कल्पना नरहिरे, अवघ्या १,६४९ मतांनी. आजवर या मतदारसंघाने दिल्लीला पाठवलेली एकमेव बाई. राखीव जागेवरून गेलेली.

तर १९७७ ते २००९ अशी ३२ वर्षं, नऊ निवडणुका, पाच माणसं. 'तीस वर्षं सीट राखीव होती' हे वाक्य आकड्यात बरोबरच आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या 'म्हणून' चा आहे.

खासदाराच्या हातात नक्की असतं काय? १९९३ च्या डिसेंबरात खासदार निधीची योजना सुरू झाली. त्याआधी खासदाराला स्वतःच्या सहीने गावात एक हातपंपसुद्धा सुचवायची अशी सोय नव्हती. म्हणजे राखीव काळातली पहिली सोळा वर्षं निधी शून्य. नंतर वर्षाला एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी. पाच कोटी झाले ते २०११-१२ पासून, म्हणजे जागा खुली झाल्यावर. दोन कोटींना सहा विधानसभा मतदारसंघांनी भागा, मग त्याला शेकडो गावांनी भागा. आमच्या ढोकीच्या वाट्याला एखादं बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर आलं तरी नशीब म्हणायचं.

मग जिल्हा खरोखर कोण चालवत होतं? मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, तो बोटावर मोजून सांगेल. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती, दूध संघ, शिक्षण संस्था आणि मुंबईत मंत्रिपद. उसाला तोड कधी मिळणार, पीककर्ज कुणाचं मंजूर होणार, पोराला शिपायाची नोकरी लागणार का, हे सगळं या ठिकाणी ठरायचं. आता सांगा, यांतल्या कुठल्या अध्यक्षाच्या खुर्चीला राखीव जागेचा नियम होता? कारखान्याच्या अध्यक्षपदाला? जिल्हा बँकेच्या? आमच्या उस्मानाबाद विधानसभेची जागाही खुलीच होती. तिथून डॉ. पद्मसिंह पाटील १९७८ पासून सलग सात वेळा आमदार झाले आणि अनेकदा राज्यात मंत्रीही होते. म्हणजे 'खमका माणूस' जिल्ह्यात होताच की. तो मुंबईत होता, आणि मुंबईतच सगळं ठरत होतं.

लातूरकराची गोष्ट तर आणखी गमतीची. विलासराव देशमुख दोनदा मुख्यमंत्री झाले, पण ते लातूरचे खासदार कधीच नव्हते. ते आमदार होते. शिवराज पाटील १९८० ते १९९९ सात वेळा लातूरमधून लोकसभेवर गेले हे खरं, लोकसभेचे अध्यक्षही झाले. पण लातूरचा रस्ता, लातूरची एमआयडीसी, लातूरची कॉलेजं यांचं श्रेय तुम्ही ज्याला देता तो माणूस राज्यात बसला होता. मग लातूर पुढे गेलं ते आमदारामुळे आणि उस्मानाबाद मागे राहिलं ते खासदारामुळे, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

माझी एक साधी उपमा आहे. (सॉफ्टवेअरवाल्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार!) समजा, सर्व्हरवर एका माणसाला युजर खातं दिलं. लॉगिन करता येतं, बघता येतं, बदलता काही येत नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुसऱ्याच माणसाकडे. तीस वर्षांनी सर्व्हर बसला तर तुम्ही कुणाला बोलावणार? आमच्या जिल्ह्यात तीस वर्षं आपण त्या बिचाऱ्या युजरच्या नावाने खडे फोडतोय.

आता माझ्याच बाजूचं एक कडू सत्यही सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती वकिली होईल. ते राखीव खासदार स्वतःच्या ताकदीवर उभे होते का? बहुतेक वेळा नाही. आणि त्याचं कारण त्यांच्या जातीत नाही, पद्धतीत आहे. राखीव जागा म्हणजे उमेदवार अनुसूचित जातीचा, पण मतदार सगळे. जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण सोळा टक्के. म्हणजे निवडून यायचं तर उरलेल्या चौऱ्याऐंशी टक्क्यांतून मतं आणावी लागणार, आणि ती मतं ज्यांच्या शब्दावर फिरतात त्यांच्या दारात आधी जावं लागणार.

माझे एक चुलते ऐंशीच्या दशकातल्या निवडणुकांबद्दल सांगतात. मी त्यांना विचारलं होतं, "काका, तेव्हा उमेदवार कसा आहे ते बघून मत द्यायचात का?" हसले आणि म्हणाले, "आरं, उमेदवार कोण हाय त्ये शिक्का मारताना कळायचं. निरोप आला की झालं. उमेदवारालाबी म्हाईत, आमालाबी म्हाईत, मत त्याला न्हाई, निरोप धाडणाऱ्याला चाललंय."

या एका वाक्यात जे आहे तेच बाबासाहेबांनी फार आधी ओळखलं होतं. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झाला तेव्हा स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याऐवजी संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या. पण त्या करारात एक तरतूद होती जी आपण पार विसरून गेलोय. राखीव जागेवर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणूक घेऊन चार उमेदवारांचं पॅनल निवडायचं, आणि मग त्या चौघांतून सगळ्या मतदारांनी एकाला निवडायचं. म्हणजे सर्वांचा उमेदवार होण्याआधी तो त्याच्या स्वतःच्या माणसांचा उमेदवार असायला हवा. ही तरतूद दहा वर्षांसाठी होती. स्वतंत्र भारताच्या निवडणुकांत ती आलीच नाही. उरली ती नुसती राखीव जागा, आणि पॅनल निवडायचं काम पक्षाच्या कार्यालयाकडे गेलं.

त्याचे परिणाम खुद्द बाबासाहेबांनी भोगले. १९५२ ला उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून हार, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हार. संविधानाचा मसुदा करणारा माणूस लोकसभेत पोचू शकला नाही आणि पक्षाने उभा केलेला उमेदवार पोचला. पुढे १९८२ साली कांशीरामांनी पुणे कराराच्या पन्नाशीला 'चमचा युग' हे पुस्तक लिहिलं, ते याच दुखण्यावर. नाव झोंबणारं आहे, पण त्यांचा रोख चमच्यापेक्षा चमचा धरणाऱ्या हातावर जास्त होता.

हे सगळं दिल्ली-पुण्याचं आहे आणि ढोकीशी त्याचा काय संबंध, असं वाटत असेल तर सांगतो. ढोकीच्या जवळच कसबे तडवळे आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब तिथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. तेव्हा ही निजामाची हद्द. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने लोक आले. मी शाळेत असताना त्या गावावरून शंभर वेळा गेलो असेन. आमच्या एकाही मास्तरांनी वर्गात सांगितलं नाही की इथे एवढी मोठी गोष्ट घडली होती. मला ते कळलं पुण्यात, नोकरीला लागल्यावर. सीट राखीव होती म्हणून जिल्हा मागे राहिला, हे मात्र सातवीतच पाठ झालं होतं. कुठल्या गोष्टी आपोआप पोचतात आणि कुठल्या शोधाव्या लागतात, बघा.

आता येऊ २००९ वर. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने मतदारसंघांची पुनर्रचना केली, ती २००८ ला लागू झाली. आमच्या जिल्ह्यातली कळंब विधानसभेची राखीव जागा नकाशावरूनच पुसली गेली. उमरगा विधानसभा राखीव झाली. उस्मानाबाद लोकसभा खुली झाली, आणि राखीव कुठली झाली? लातूर! होय, आमच्या लातूरकराचं लातूर. २००९ पासून तिथला प्रत्येक खासदार राखीव जागेवरूनच आलाय.

म्हणजे निसर्गाने नाही, पण पुनर्रचना आयोगाने आपल्याला एक झकास प्रयोग करून दिला. ३२ वर्षं राखीव असलेली जागा खुली केली. आता सगळी दारं उघडी. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता, कुणीही यावं. खमकी माणसं आता रांग लावणार. बघू काय झालं.

२००९: राष्ट्रवादीचे डॉ. पद्मसिंह पाटील विजयी, शिवसेनेचे रवींद्र गायकवाड पराभूत, फरक ६,७८७. २०१४: रवींद्र गायकवाड विजयी, पद्मसिंह पाटील पराभूत, फरक दोन लाख चौतीस हजारांवर. २०१९: शिवसेनेचे ओमराजे निंबाळकर विजयी, पद्मसिंहांचे चिरंजीव राणाजगजितसिंह पाटील पराभूत, फरक एक लाख सत्तावीस हजार. २०२४: ठाकरे गटाकडून ओमराजे पुन्हा विजयी, पद्मसिंहांच्या सूनबाई अर्चना पाटील पराभूत, फरक जवळपास तीन लाख तीस हजार.

चार निवडणुका. चारही वेळा पहिल्या दोघांतला एक उमेदवार एकाच घरातला. शेवटच्या दोन वेळा तर दोन्ही उमेदवार एकाच भाऊबंदकीतले. आणि गायकवाड? ते उमरग्याचे माजी आमदार. उमरगा राखीव झाल्यावर त्यांना विधानसभेची वाटच बंद झाली होती. मी कुणाच्या वैयक्तिक गुणदोषांवर बोलत नाहीये. मतदारांनी मतं दिली, ते निवडून आले, लोकशाहीत यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. मी फक्त मोजतोय. नऊ राखीव निवडणुकांत पाच वेगवेगळी माणसं दिल्लीला गेली, त्यात एक बाई. चार खुल्या निवडणुकांत तीन माणसं गेली आणि सगळी स्पर्धा जुन्याच चार-दोन घरांच्या अंगणात झाली. 'खुली' या शब्दाचा अर्थ आमच्याकडे एवढाच निघाला की ज्यांच्याकडे आधीपासून चाव्या होत्या त्यांना खुर्चीवर बसायलाही आडकाठी उरली नाही.

हे फक्त आमच्याकडेच झालं असंही नाही. शेजारचा पंढरपूर लोकसभा मतदारसंघ बघा. राखीव होता. संदीपान थोरात तिथून सात वेळा खासदार झाले, मग १९९९ आणि २००४ ला रामदास आठवले. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर हा मतदारसंघच संपला आणि त्या भागात माढा नावाचा नवा खुला मतदारसंघ आला. पहिल्याच निवडणुकीला तिथून कोण उभं राहिलं? साक्षात शरद पवार. आणि आठवले? त्यांना राखीव झालेल्या शिर्डीला जावं लागलं आणि तिथे ते पडले. दोन्हीकडे चित्र तेच. जागा राखीव असेपर्यंत बड्या मंडळींना दुसऱ्याला पाठवणं भाग होतं, ती खुली झाली त्या पहिल्याच निवडणुकीत ते स्वतः अर्ज भरायला हजर.

राखीव जागांची दुसरी बाजूही याच आकड्यांत दिसते. २००४ ला आमच्याकडे राष्ट्रवादीने उमेदवार दिला तो सोलापूर जिल्ह्यातला, लक्ष्मण ढोबळे. २००९ ला लातूर राखीव झाल्याबरोबर काँग्रेसने उमेदवार आणला तो थेट कोल्हापूर जिल्ह्यातून, जयवंतराव आवळे, आणि ते निवडूनही आले. अख्ख्या लातूर जिल्ह्यात दलित समाजात एकही लायक माणूस नव्हता? होते की. पण स्थानिक माणूस निवडून आला तर तो पाय रोवतो, पुढच्या वेळी ऐकत नाही. बाहेरून आणलेल्याचं बरं असतं, त्याला परतीचं तिकीट काढून देता येतं. हा माझा तर्क आहे, पण तुमच्याकडे याहून चांगलं स्पष्टीकरण असेल तर मला जरूर कळवा.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला: "पण खुल्या जागेमुळे निदान वजनदार माणूस गेला, काहीतरी झालंच असेल ना?" ठीक आहे, वहीच उघडू. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित, म्हणजे सरळ मराठीत मागास, जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद. जागा खुली होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ढोकीचा तेरणा साखर कारखाना, ज्याच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं, तो याच खुल्या काळात अनेक हंगाम बंद पडून होता. उलट छोट्या रुळांची लातूर-कुर्डुवाडी गाडी जाऊन मोठी लाइन आली आणि उस्मानाबाद शहराला पहिल्यांदा रेल्वे दिसली ती २००७-०८ ला, जागा राखीव असताना.

थांबा, मी असं म्हणत नाहीये की खुल्या जागेमुळे कारखाना बंद पडला. तो बंद पडण्याची कारणं वेगळी आहेत. कर्ज, दुष्काळ, कारभार. आणि राखीव खासदारामुळे रेल्वे आली असंही म्हणत नाही. मुद्दा एवढाच की कारखान्याचं खापर खुल्या जागेवर फोडणं जर तुम्हाला मूर्खपणाचं वाटत असेल, तर बाकी सगळ्याचं खापर राखीव जागेवर फोडणं शहाणपणाचं कसं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "मग राखीव खासदारांनी त्यांच्या स्वतःच्या समाजासाठी तरी काय केलं?" हा प्रश्न मी माझ्या एका मित्राला विचारला. पहिली ते दहावी एकाच बाकावर होतो. तो बौद्ध, आता चाकणला एका कंपनीत शिफ्ट करतो. फोनवर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुला सांगू का, सीट राखीव होती तवा आमच्या वस्तीतला रस्ता कच्चाच होता. सीट खुली झाली तवाबी कच्चाच होता. पर त्या टायमाला गावात भांडण झालं की तुमची पोरं म्हणायची, 'खासदार तुमचा, आणि वर माज बी तुमचा.' रस्ता न्हाई मिळाला, टोमणा मात्र तीस वर्षं मिळाला. आता सीट गेली, टोमणा तेवढा राह्यलाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तुमची पोरं' मध्ये मीही होतो. मी तोंडाने म्हटलं नसेल, पण हसलो तर असेनच.

म्हणून या कँटीनमधल्या वाक्याचा मला राग येतो. ते नुसतं चुकीचं असतं तर गोष्ट वेगळी होती, चुकीची वाक्यं आपण दिवसभर बोलतच असतो. पण या वाक्याचं एक काम आहे. ते प्रश्न योग्य दारापर्यंत पोचू देत नाही. जिल्हा बँक का बुडाली, कारखाना का बंद पडला, उसाच्या पैशाचं काय झालं, हे ज्यांना विचारायचं त्यांना न विचारता आपण ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्याकडे बोट दाखवतो. बोट दाखवायला सोपा माणूस मिळाला की चौकशी बंद. आपल्या देशात ही पद्धत बरीच जुनी आहे आणि सोपा माणूस कुठल्या वस्तीतला असतो हेही ठरलेलं आहे.

आणि हा काही जुन्या आठवणींचा विषय नाही. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची नवी वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली होती. २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागांना २०३० पर्यंत मुदत दिली. २०२३ च्या कायद्याने महिलांसाठी एक तृतीयांश जागा ठेवायचं ठरलं, तेही पुनर्रचनेशीच बांधलेलं. म्हणजे येत्या काही वर्षांत कुठली जागा खुली, कुठली राखीव, कुठली बायकांची, यावर गावोगावी वाद होणार. तेव्हा हेच वाक्य नवे कपडे घालून येईल: "आमची सीट बायकांना गेली, आता काय विकास होणार!" (उस्मानाबादने आजवर एकच बाई पाठवली आणि तीही राखीव जागेवरून, हे तेव्हा ध्यानात ठेवा.)

माझं म्हणणं सरळ आहे. जागा राखीव असो की खुली, पहिला प्रश्न 'उमेदवार कोणत्या जातीचा' हा नको. 'याला तिकीट कुणी दिलं आणि याची सुटका कुणाच्या हातात आहे' हा हवा. पक्षांनी उमेदवार निवडताना तालुक्यातल्या साध्या सभासदांचं मत घ्यावं, राखीव जागेवर त्या समाजातल्या सभासदांचं आधी घ्यावं. १९३२ साली लिहून ठेवलेली कल्पना आहे, काही आभाळातून पाडायची नाही. पण पक्ष हे आपण होऊन करणार नाहीत, कारण तिकीट वाटण्याचा हक्क हीच तर सगळ्यात मोठी चावी. तिचा हिशेब मागायचा तर आधी आपल्याला ती कुणाच्या कमरेला आहे ते दिसायला हवं. आपण मात्र तीस वर्षं खुर्चीकडेच बघत बसलो.

जिल्ह्याचं नाव २०२३ ला धाराशिव झालं. लोकसभा मतदारसंघ मात्र २०२४ च्या यंत्रावरही उस्मानाबादच होता. नावं बदलायला वेळ लागतो म्हणतात. सवयी बदलायला त्याहून जास्त लागत असणार.

असो. सोमवारी लातूरकराला ही एक्सेल दाखवणार आहे. सुरुवात त्याच्याच मतदारसंघाने करीन. २००९ पासून राखीव आहे म्हटल्यावर, लातूरच्या पाणीटंचाईसाठी २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेही राखीव जागेमुळेच का, असं विचारीन. त्याला राग येईल. "पाण्याचा आणि सीटचा काय संबंध?" असं म्हणेल.

मला नेमकं तेच त्याच्या तोंडून ऐकायचंय.